कादंबरीची फाइल काढताना प्रकरण गळतं, ‘वाऱ्या’चा ‘वार्या’ होतो: दरवेळी तेच का बिघडतं आणि कसं सुधारायचं

कादंबरी पूर्ण होते, स्क्रिव्हनर या लेखनाच्या प्रोग्राममधून वर्डची फाइल निघते, दादरला प्रकाशकाकडे जाते आणि दोन दिवसांनी निरोप येतो. सातवं प्रकरण कुठे आहे? प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर इंग्रजीत ‘चॅप्टर वन’, ‘चॅप्टर टू’ का आलंय? ‘वाऱ्याने’चं ‘वार्याने’ झालंय. लेखक वर्डच्या फाइलीत बसून सगळं हाताने नीट करतो. मग संपादक चार बदल सुचवतात, ते मूळ प्रकल्पात होतात, पुन्हा फाइल निघते आणि तेच दोष जसेच्या तसे परत येतात.

परत येण्याचं कारण एवढंच की दुरुस्ती निघालेल्या फाइलीत होते आणि बिघाड स्क्रिव्हनरमधल्या मूळ प्रकल्पात किंवा कंपाइलच्या, म्हणजे सगळी प्रकरणं जोडून एक फाइल काढण्याच्या, मांडणीत बसलेला असतो. म्हणून वर्डच्या फाइलीला हात लावण्याआधी दोष कुठल्या टप्प्यावर शिरतोय ते शोधा. खालचे मेनू स्क्रिव्हनर ३ चे आहेत. मॅकवर ही आवृत्ती २०१७ पासून आणि विंडोजवर २०२१ पासून आहे. नॉव्हेलरायटर (कादंबरीलेखनाचा दुसरा प्रोग्राम) किंवा पँडॉक (एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणारं साधन) वापरणाऱ्यांसाठीचे वेगळे मुद्दे त्या त्या ठिकाणी दिले आहेत.

आधी साधी टेक्स्ट फाइल काढा

कंपाइलच्या खिडकीत वर ‘कंपाइल फॉर’मध्ये ‘प्लेन टेक्स्ट’ निवडा आणि निघालेली फाइल नोटपॅड किंवा टेक्स्टएडिटमध्ये उघडा. या फाइलीत फॉन्ट, ठळकपणा, समास काहीच नसतं, नुसता मजकूर असतो. त्यामुळे निदान लगेच होतं. प्रकरण इथेही नसेल तर दोष निवडीचा आहे. प्रकरण आहे पण अक्षरं इथेच बिघडली असतील तर दोष मजकुरात किंवा एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवण्याच्या पद्धतीत, आहे. इथे सगळं नीट असून वर्डमध्ये किंवा पीडीएफमध्ये बिघडत असेल तर फॉन्ट आणि मांडणी तपासायची.

या चाचणीसाठी प्रकल्पात एक छोटं पान कायमचं ठेवा आणि त्यात मराठीची अवघड वळणं एकत्र येतील असं वाक्य लिहा. उदाहरणार्थ: ‘वाऱ्याने दार लोटलं, तशी कुऱ्हाड खाली ठेवून ज्ञानूने ट्रकमधल्या ॲल्युमिनिअमच्या पत्र्यांकडे पाहिलं आणि हृदयावर हात ठेवत वाङ्मयाच्या मास्तरांना शुद्ध मराठीत कौल विचारला.’ यात ऱ्य, ऱ्ह, ज्ञ, ट्र, ॲ, त्र, हृ, ङ्म, द्ध, श आणि ल सगळं आलं. चारशे पानं चाळण्यापेक्षा प्रत्येक नव्या फाइलीत हे एक वाक्य पाहणं सोपं जातं. प्रकाशकाला पाठवायच्या अंतिम फाइलीतून मात्र ते पान वगळा.

मजकूर गळतो

पुस्तकाचा मुख्य मजकूर स्क्रिव्हनर फक्त ड्राफ्ट फोल्डरमधूनच घेतो. काही साच्यांत या फोल्डरचं नाव ‘मॅन्युस्क्रिप्ट’ असतं, काम तेच. एखादं प्रकरण चुकून ‘रिसर्च’मध्ये गेलं असेल तर ते डाव्या यादीत दिसेल, उघडेल, लिहिताही येईल, फक्त छापील फाइलीत येणार नाही. प्रकरणं ओढून पुढेमागे करताना हे नेहमी घडतं.

दुसरं कारण ‘इन्क्लूड इन कंपाइल’ची खूण. कंपाइलच्या खिडकीत उजवीकडे पहिल्या टॅबमध्ये सगळ्या प्रकरणांची यादी असते आणि प्रत्येकापुढे चौकट असते. ज्या चौकटीत खूण नाही ते प्रकरण वगळलं जातं. जुना मसुदा बाजूला ठेवताना खूण काढलेली असते आणि नंतर तोच मसुदा पुन्हा वापरात येतो. खूण परत लावायची राहून जाते.

तिसरं कारण चटकन लक्षात येत नाही. त्याच यादीच्या वर एक मेनू आहे. नमुना म्हणून तीन प्रकरणं पाठवताना तिथे ‘करंट सिलेक्शन’ केलेलं असतं आणि प्रोग्राम ती निवड लक्षात ठेवतो. पुढच्या महिन्यात संपूर्ण कादंबरी काढायला बसलात की तेवढीच तीन प्रकरणं बाहेर येतात. तिथे पुन्हा पूर्ण ड्राफ्ट निवडा. शेजारी गाळणीच्या आकाराचं बटण आहे, तेही पाहा. लेबल किंवा स्टेटसनुसार गाळणी लावलेली राहिली असेल तर ‘पूर्ण’ असं स्टेटस दिलेली प्रकरणंच निघतात. दिवाळी अंकासाठी कादंबरीतला एखादा भाग काढून पाठवणाऱ्यांनी अंकाचं काम आटोपलं की हे दोन्ही मूळ जागी आणून ठेवावं.

नॉव्हेलरायटरमध्ये प्रत्येक दस्तऐवज सक्रिय किंवा निष्क्रिय असतो आणि निष्क्रिय दस्तऐवज बिल्डमध्ये, म्हणजे निघणाऱ्या फाइलीत, धरले जात नाहीत. शिवाय तिथे शीर्षकाची पातळी हॅश चिन्हांच्या संख्येवर ठरते. दोन हॅश म्हणजे प्रकरण, तीन म्हणजे दृश्य. प्रकरणाच्या नावाआधी चुकून तिसरा हॅश पडला तर मजकूर येतो पण प्रकरणाचं शीर्षक नाहीसं होतं आणि मागचं प्रकरण तसंच पुढे चालू राहिल्यासारखं दिसतं. टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारा परिच्छेद तिथे टिपण मानला जातो, हेही ध्यानात असू द्या.

प्रकरण यादीत आहे, खूणही आहे, तरी पान कोरं येत असेल तर क्लाउडकडे पाहा. स्क्रिव्हनरचा प्रकल्प दिसायला एक फाइल असली तरी तो खरं तर फोल्डर आहे आणि प्रत्येक प्रकरण आत वेगळ्या आरटीएफ फाइलीत असतं. वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडने जागा वाचवायला यातल्या काही फाइली फक्त ऑनलाइन ठेवल्या असतील तर प्रोग्रामला त्या रिकाम्या दिसतात. फोल्डरवर राइट क्लिक करून तो कायम या कॉम्प्युटरवर ठेवण्याचा पर्याय निवडा, सिंक पूर्ण होऊ द्या आणि मगच प्रकल्प उघडा. विंडोजवाल्यांची एक चूक याच कुळातली. प्रकल्प दुसऱ्या मशीनवर नेताना फोल्डरमधली स्क्रिव्हएक्स नावाची एकच फाइल पेन ड्राइव्हवर घेतात. ती नुसती अनुक्रमणिका असते, प्रकरणं मागेच राहतात. पूर्ण फोल्डर झिप करून न्या.

नको ते मजकुरात उतरतं

लिहिताना यादीत प्रकरणांना ‘सुमन घरी येते’, ‘इथे भांडण वाढवायचं’ अशी कामचलाऊ नावं दिलेली असतात आणि ती छापील फाइलीत दृश्याच्या डोक्यावर येऊन बसतात. कंपाइलच्या खिडकीत मधल्या भागाखाली ‘असाइन सेक्शन लेआउट्स’ हे बटण आहे. त्यात दृश्यांना असा लेआउट द्या, ज्यात शीर्षकाची खूण नाही. प्रकरण आणि दृश्य यांतला फरक प्रोग्रामला कळत नसेल तर ‘प्रोजेक्ट सेटिंग्ज’मधल्या ‘सेक्शन टाइप्स’मध्ये जा. फोल्डर म्हणजे प्रकरण, त्याच्या आतली फाइल म्हणजे दृश्य, हे तिथे एकदा ठरवून ठेवता येतं.

‘चॅप्टर वन’ कुठून येतं? तयार मांडणीत शीर्षकाच्या आधी ‘चॅप्टर’ हा शब्द आणि त्यापुढे कोनी कंसातला डॉलर-टी हा संकेत असतो. हा संकेत क्रमांक इंग्रजी शब्दांत लिहितो. मांडणीची प्रत काढून ती संपादनासाठी उघडा, प्रकरणाच्या लेआउटमध्ये ‘टायटल ऑप्शन्स’चा टॅब घ्या, ‘चॅप्टर’च्या जागी ‘प्रकरण’ लिहा आणि टीच्या जागी एन टाका. आता आकडा येईल, पण 1, 2 असा इंग्रजी वळणाचा. देवनागरीच आकडा हवा असेल तर हा आधीचा मजकूर पूर्ण काढून टाका आणि यादीतच प्रकरणांची नावं ‘प्रकरण १’, ‘प्रकरण २’ अशी लिहा. प्रकरणं पुढेमागे झाली की क्रम हाताने बदलावा लागतो, तरी निकाल हमखास मिळतो.

संपादकाशी झालेल्या चर्चेच्या टिपा मजकुरात राहत असतील तर कंपाइलच्या उजव्या बाजूला दातेरी चाकाचा टॅब आहे. तिथे कॉमेंट आणि ॲनोटेशन वगळण्याच्या खुणा करा.

आणि उलट बाजू: हवं ते पुसलं जातं. कादंबरीतलं पत्र, ओवी, वर्तमानपत्रातलं कात्रण आत सरकवून लिहिलेलं असतं आणि फाइलीत ते साध्या परिच्छेदासारखं सपाट होतं. कंपाइलची मांडणी साध्या मजकुराचे समास आणि फॉन्ट बदलते, पण ज्या मजकुराला नावानिशी स्टाइल दिली आहे त्याची ती स्टाइल राखते. पट्टीवरचे समास हाताने सरकवून किंवा स्पेस देऊन केलेली सजावट म्हणूनच टिकत नाही. ‘ओवी’ नावाची एक स्टाइल बनवा आणि सगळ्या ओव्यांना तीच द्या.

अक्षरं बिघडतात

इथे घाईने फॉन्ट बदलत सुटू नका. बिघडलेलं अक्षर कसं दिसतंय त्यावरूनच कारण कळतं.

पूर्ण ओळभर प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, न जाणणाऱ्या वाटेने गेला आहे. आरटीएफ फाइलीत प्रत्येक देवनागरी अक्षर आकड्याच्या रूपात लिहिलेलं असतं. ‘क’साठी २३२५ हा क्रमांक आणि त्यापुढे, हा क्रमांक ज्याला कळणार नाही त्याच्यासाठी, बदली म्हणून एक प्रश्नचिन्ह. जुना किंवा अर्धवट प्रोग्राम क्रमांक सोडतो आणि प्रश्नचिन्ह दाखवतो. आरटीएफमध्ये मूळ अक्षर शाबूत असतं, दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडा, दिसेल. टेक्स्ट फाइल ‘एएनएसआय’ म्हणून सेव्ह झाली असेल तर मात्र अक्षर गेलंच. त्या फाइलीत काही शोधत बसू नका, प्रकल्पातून पुन्हा काढा आणि सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ दर दोन-तीन चिन्हांमागे दिसतोय? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइटचा असतो. उघडणारा प्रोग्राम त्या तीन बाइटना तीन वेगळी युरोपीय चिन्हं समजला आहे. मजकूर सुरक्षित आहे. वर्डमध्ये उघडताना एन्कोडिंग विचारलं की यूटीएफ-८ सांगा.

रिकामे चौकोन म्हणजे फॉन्टात तो वर्ण नाही. मराठीत हे बहुतेक वेळा ‘ॲ’पाशी होतं. हा वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फॉन्टांत तो नसतो. फॉन्ट बदला. मोबाइलवर एका पद्धतीने आणि कॉम्प्युटरवर दुसऱ्या पद्धतीने टंकलेल्या मजकुरात कुठे एकसंध ‘ॲ’ असतो, तर कुठे ‘अ’वर वेगळा चंद्र दिलेला असतो. डोळ्यांना फरक कळत नाही, पण शोधा-बदला करताना अर्धे शब्द सापडत नाहीत. सगळीकडे एकच रूप करून घ्या.

तुटक रेषेचा गोल आणि त्याला चिकटलेली मात्रा दिसली तर त्या मात्रेला आधाराचं अक्षर मिळालेलं नाही. एकाच अक्षरावर दोनदा दिलेला अनुस्वार, चुकून आधी पडलेली वेलांटी, किंवा शब्दाच्या मधूनच सुरू झालेलं ॲनोटेशन अशी कारणं असतात. ॲनोटेशन नेहमी पूर्ण शब्दावर द्या.

मराठी शब्दांच्या जागी इंग्रजी बाराखडी उधळल्यासारखी दिसत असेल तर मजकूर युनिकोड नाहीच. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच रोमन अक्षरांत साठवलेला असतो. फॉन्ट फक्त त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो आणि फॉन्ट गेला की मुखवटा उतरतो. श्रीलिपी आणि शिवाजीचंही तत्त्व हेच. अशी जुनी प्रकरणं प्रकल्पात आणण्याआधीच युनिकोडमध्ये बदलून घ्या. पूर्ण फाइल एकदम बदलकात (युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनात) टाकली तर मधले खरे इंग्रजी शब्दही देवनागरी होऊन विचित्र बनतात. म्हणून वर्डमध्ये फॉन्टनुसार निवड करून फक्त त्या फॉन्टातला मजकूर बदला. नंतर पहिली वेलांटी, रफार आणि अवतरणचिन्हं डोळ्यांखालून घाला, बदलक चुकतात ते इथेच.

आणि आता ‘वार्या’. हा दोष मराठी-नेपाळीसारख्या भाषांचा आहे. हिंदीत लिहिणाऱ्यांना तो भेटत नाही, म्हणून सर्वसाधारण मदतपुस्तिकांत त्याचा उल्लेखही सहसा सापडत नाही. ‘वाऱ्या’मधला तो आडवा र दोन तऱ्हांनी टंकला जातो. एका तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा अदृश्य जोडक असतो. दुसऱ्या तऱ्हेत नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. पण मजकूर ‘साफ’ करणारं एखादं साधन, एखादा वेब फॉर्म किंवा एखादा एक्सपोर्ट तो अदृश्य जोडक फालतू समजून काढून टाकतो आणि उरलेला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘दऱ्या’ची ‘दर्या’ झाली की वाचणाऱ्याला दरीच्या जागी समुद्र दिसतो. हा नुसता दिसण्याचा दोष नाही, अर्थ बदलतो.

उपाय म्हणजे मूळ मजकुरात नुक्तावाला ऱ वापरणं, कारण त्यात अदृश्य असं काहीच नाही, गळायला काही उरत नाही. आधीच लिहून झालेल्या मजकुरासाठी प्रकरण लिबरऑफिस रायटरमध्ये घ्या. ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’वर खूण करा. शोधायच्या चौकटीत र आणि हलन्त टंका, त्यापुढे उलटी तिरपी रेघ, छोटा यू आणि इंग्रजी आकड्यांत २००डी. बदलायच्या चौकटीत ऱ आणि हलन्त. ‘रिप्लेस ऑल’ करा. जोडक आधीच गळून गेला असेल तर मात्र यंत्राला ‘दर्या’ हवा होता की ‘दऱ्या’ हे कळायचा मार्ग नाही. ‘र्या’ आणि ‘र्हा’ शोधून एकेक ठिकाण वाचूनच ठरवावं लागतं. ‘सूर्या’ आणि ‘भार्या’ सोडून द्यायचे आहेत, हे विसरू नका.

वर्डमध्ये इंग्रजी शब्द मोठे, मराठी बारीक

प्रकल्पात सगळीकडे एक फॉन्ट, एक आकार, आणि वर्डमध्ये उघडल्यावर मराठी मंगलमध्ये ११ पॉइंट, इंग्रजी मात्र हव्या त्या फॉन्टात १४ पॉइंट. कारण डॉक्सएक्समध्ये, म्हणजे वर्डच्या फाइलीत, प्रत्येक तुकड्यासाठी फॉन्टचे चार खाने असतात. त्यातले दोन रोमन आणि युरोपीय अक्षरांसाठी, एक चिनी-जपानीसारख्या लिप्यांसाठी आणि एक ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’साठी. देवनागरी या चौथ्या खान्यात मोडते. आकार, ठळक आणि तिरपं यांचेही देवनागरीसाठी वेगळे खाने आहेत. फाइल काढणाऱ्या प्रोग्रामने फक्त रोमनचे खाने भरले की वर्ड चौथ्या खान्यात स्वतःच्या मनाचं भरतो.

वर्डमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेज’मध्ये जाऊन मराठी भाषा जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा सुरू करा. हे केल्याशिवाय पुढची चौकट दिसतच नाही. मग कंट्रोल-ए, कंट्रोल-डी. आता फॉन्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा भाग दिसेल. तिथे फॉन्ट निवडा, आकाराची चौकट मात्र कोरी ठेवा, नाहीतर प्रकरणांची शीर्षकंही मजकुराएवढी होतील. आकार स्टाइलमधून द्या: ‘नॉर्मल’ स्टाइल, ‘मॉडिफाय’, ‘फॉरमॅट’, ‘फॉन्ट’ आणि पुन्हा तोच भाग. लिबरऑफिसमध्ये याच खान्याला ‘सीटीएल फॉन्ट’ म्हणतात. प्रकल्पात न करता येणारी ही एकच दुरुस्ती आहे, म्हणून ती पाठवण्याआधीची शेवटची पायरी ठेवा आणि प्रत्येक नव्या फाइलीवर करा. पँडॉकवाल्यांना हेही टाळता येतं. चौथा खाना नीट भरलेली एक संदर्भ फाइल बनवून ‘रेफरन्स डॉक’ म्हणून दिली की पुढची प्रत्येक फाइल तोच पोशाख घालून निघते.

फॉन्ट कोणता? मॅकवरचा कोहिनूर देवनागरी विंडोजवर नसतो आणि विंडोजचा निर्मला यूआय मॅकवर नसतो. म्हणून दोन्हीकडे मोफत टाकता येईल असा घ्या: नोटो सेरिफ देवनागरी, टिरो देवनागरी मराठी, मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, पवईच्या आयआयटीत तयार झालेला शोभिका. फॉन्टची फाइल प्रकाशकालाही सोबत पाठवा, परवाना त्याला मुभा देतो. पाकळीचा ल आणि मराठी वळणाचा श न येता हिंदी वळणाचे येत असतील तर मजकुराला मराठी भाषेची खूण द्या. लिबरऑफिस ती पाळतं, सगळे प्रोग्राम पाळत नाहीत. टिरोच्या मराठी आवृत्तीत ही वळणं मुळातच आहेत, कादंबरीसाठी तो सर्वांत निर्धास्त.

ओळींच्या डोक्यावरचे रफार आणि मात्रा कापल्या जात असतील तर परिच्छेदाचं अंतर ‘एक्झॅक्टली’वर अडकलेलं असतं. १४ पॉइंटच्या देवनागरीला १४ पॉइंटची ओळ पुरत नाही. ‘मल्टिपल’ घेऊन १.५ द्या.

पीडीएफ

पीडीएफ अडोबी रीडरमध्ये उघडून कंट्रोल-डी दाबा आणि ‘फॉन्ट्स’चा टॅब पाहा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ हवं. एकापुढेही नसेल तर दुसऱ्याच्या मशीनवर ते पान वेगळं दिसू शकतं.

पीडीएफमधून मजकूर कॉपी केल्यावर वेलांट्या उड्या मारतात, जोडाक्षरं तुटतात, ही तक्रार सतत येते. पीडीएफ अक्षरं नव्हे तर अक्षरांचे आकार ज्या क्रमाने मांडले तो क्रम साठवते. तिथून मजकूर परत मिळेल ही अपेक्षाच ठेवू नका. संपादकाला दुरुस्त्या करायच्या असतील तर डॉक्सएक्सच द्या.

पँडॉकने पीडीएफ काढताना ‘युनिकोड कॅरेक्टर नॉट सेट अप’ अशी चूक आली तर पीडीएफ बनवणारं इंजिन बदलून झीलेटेक करा. फाइल निघाली पण जोडाक्षरं सुटी राहिली तर मुख्य फॉन्टच्या पर्यायांत स्क्रिप्ट देवनागरी असल्याचं लिहायचं राहिलंय.

ईपब आणि किंडल

मोबी या किंडलच्या जुन्या फाइलप्रकाराच्या मागे लागू नका. साध्या मजकुराच्या पुस्तकांसाठी किंडलच्या प्रकाशन सेवेने २०२१ मध्येच मोबी घेणं बंद केलं, ईपब द्या. ईपब दुरुस्त करण्याच्या सिजिल या प्रोग्राममध्ये फाइल उघडून भाषेच्या जागी मराठी आहे ना ते बघा. इंग्रजी राहिली असेल तर बोलून दाखवणारे प्रोग्राम आणि शब्दकोश दोन्ही गोंधळतात. फॉन्ट आत घालायचा असेल तर नुसता फोल्डरमध्ये टाकून भागत नाही, स्टाइलशीटमध्ये त्याचं नावही घोषित करावं लागतं. शेवटी ईपबचेकमधून फाइल काढा आणि तो दाखवेल ती पहिली चूक आधी सुधारा, पुढच्या बऱ्याच चुका तिच्याच पोटातल्या असतात.

प्रकाशकाच्या टेबलावर

तुमची फाइल निर्दोष असूनही प्रूफं बिघडून येतात, तेव्हा अक्षरजुळणीच्या टोकाकडे पाहा. गिरगाव-दादरच्या प्रकाशकांकडे फाइल देण्याआधीच डीटीपी करणाऱ्यांना विचारून घ्या: जुळणी इनडिझाइनमध्ये की पेजमेकरमध्ये, युनिकोडमध्ये की श्रीलिपीत, आणि पुस्तकाचा आकार डेमी की क्राउन? पेजमेकर युनिकोड घेत नाही, त्यामुळे तिथे जाणारा मजकूर आधी जुन्या फॉन्टात बदलावा लागतो. हा बदल तुम्ही केलात किंवा त्यांनी केला, तरी सोबत युनिकोडमधली बरोबर पीडीएफ द्या. प्रूफ तपासायला तीच आधार.

इनडिझाइनमध्ये वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसत असेल आणि हलन्त सुटे दिसत असतील तर परिच्छेदाचा कंपोझर चुकीचा आहे. पॅराग्राफ स्टाइलमध्ये ‘जस्टिफिकेशन’ उघडून कंपोझरच्या जागी ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडायला सांगा. त्याच पानावर ‘लेटर स्पेसिंग’च्या तिन्ही चौकटींत शून्य हवं. तिथे एक-दोन टक्के जरी राहिले तरी ओळ दोन्हीकडून भरताना शिरोरेघ अक्षरागणिक तुटते आणि पान फाटल्यासारखं दिसतं.

फोनवर पाहून फाइल नापास करू नका, आणि कोणाला करूही देऊ नका. व्हॉट्सॲपवर आलेली डॉक्सएक्स विरार लोकलमध्ये फोनवर उघडली की फोन स्वतःचा फॉन्ट लावतो, ओळी सरकतात, पानांची संख्या बदलते. दिसण्याबद्दल बोलायचं असेल तर पीडीएफ पाठवा.

फाइल निघतच नाही

याच नावाची आधीची फाइल वर्डमध्ये उघडी असेल तर विंडोज तिच्यावर लिहू देत नाही. ती बंद करा. तरीही अडलं तर डेस्कटॉपवर, छोट्या रोमन नावाने काढून बघा. लांबलचक मार्ग किंवा सिंक होणारा फोल्डर आड येत असेल तर इथे कळेल. त्यानंतरही अडकत असेल तर यादीत अर्ध्या प्रकरणांच्या खुणा काढा आणि पुन्हा प्रयत्न करा. फाइल निघाली तर दोष काढलेल्या अर्ध्यात आहे, नाही निघाली तर उरलेल्यात. चाळीस प्रकरणं असली तरी पाच-सहा फेऱ्यांत दोषी प्रकरण हातात येतं. त्यात बहुधा एखादं प्रचंड मोठं चित्र किंवा वेबपानावरून चिकटवलेला तक्ता सापडतो. तो मजकूर साध्या रूपात, म्हणजे ‘पेस्ट अँड मॅच स्टाइल’ने, नव्या दस्तऐवजात घ्या आणि जुना दस्तऐवज ड्राफ्टच्या बाहेर ठेवा.

सगळं जुळलं की कंपाइलची मांडणी ‘मराठी हस्तलिखित’ अशा स्पष्ट नावाने सेव्ह करा. सेव्ह करताना ती फक्त या प्रकल्पापुरती ठेवायची की सगळ्या प्रकल्पांसाठी, हे विचारलं जातं. दुसरा पर्याय घ्या, पुढच्या कादंबरीला तीच लागणार आहे.